जॉर्जेट हेअर : प्रेमकथेमागचा चोख हिशेब

मला विचारलेला प्रश्न असा आहे : जॉर्जेट हेअर या इंग्रज लेखिकेच्या ऐतिहासिक प्रेमकादंबऱ्या शंभर वर्षांनंतरही का वाचल्या जातात, त्यांच्या आयुष्याचा या लेखनाशी कितपत संबंध आहे आणि ज्याने त्यांचे एकही पुस्तक वाचलेले नाही त्याने सुरुवात कोठून करावी. कादंबऱ्यांचे संपादन आणि अनुवाद हे माझे अनेक वर्षांचे काम असल्यामुळे हेअर यांची पुस्तके मी वाचक म्हणून तर वाचलीच, पण एखादे यंत्र उघडून त्याची चाके कशी फिरतात हे पाहावे तशीही वाचली आहेत. त्या वाचनातून माझे एक मत पक्के झाले आहे. हेअर यांच्या कादंबऱ्यांत इतिहास हा पडद्यावर रंगवलेला देखावा नसतो. कायदा, वारसाहक्क, पैसा, प्रवासाची अंतरे आणि बोलण्याची रीत यांचा त्यांनी मांडलेला चोख हिशेब हीच त्यांच्या प्रेमकथेची चालकशक्ती आहे, आणि हा हिशेबीपणा त्यांच्याकडे कोठून आला याचे उत्तर त्यांच्या आयुष्यात सापडते.

त्यांचा जन्म १६ ऑगस्ट १९०२ रोजी लंडनजवळच्या विम्बल्डन येथे झाला. आजोबा रशियातून इंग्लंडमध्ये येऊन स्थायिक झालेले, फरचा व्यापार करणारे गृहस्थ होते. वडिलांचे नाव जॉर्ज, आणि त्यांच्याच नावावरून मुलीचे नाव जॉर्जेट ठेवण्यात आले. आडनावाचा उच्चार पूर्वी ‘हायर’ असा होत असे. पहिल्या महायुद्धाच्या काळात जर्मन वाटणारी नावे लोकांना खुपू लागली, तेव्हा कुटुंबाने तो ‘हेअर’ असा केला. वडील भाषा आणि साहित्य यांचे जाणकार होते. मुलीने काय वाचावे यावर त्यांनी बंधने घातली नाहीत, आणि विद्यापीठाचे तोंडही न पाहिलेल्या या मुलीचे खरे शिक्षण त्यांच्या सहवासात आणि पुस्तकांच्या कपाटांपुढे झाले.

लेखनाची सुरुवात मात्र आजारपणाच्या खोलीत झाली. धाकटा भाऊ बोरिस याला रक्तस्रावाचा जुना विकार होता. त्याच्या विश्रांतीच्या दिवसांत त्याचे मन रमावे म्हणून सतरा वर्षांच्या जॉर्जेटने एक लांबलचक साहसकथा रचून सांगायला सुरुवात केली. अठराव्या शतकातील इंग्लंड, भावाचा दोष स्वतःच्या माथी घेऊन घराबाहेर पडलेला आणि वाटमारी करणारा एक उमराव, त्याच्याविरुद्ध एक थंड डोक्याचा ड्यूक, असा त्या कथेचा मालमसाला होता. वडिलांनी ती ऐकली आणि नीट लिहून प्रकाशकाकडे पाठवण्याचा आग्रह धरला. १९२१ मध्ये ती ‘द ब्लॅक मॉथ’ या नावाने प्रसिद्ध झाली तेव्हा लेखिका एकोणीस वर्षांची होती. आज ती वाचताना कथानकाचा कच्चेपणा जाणवतो, परंतु शेजारी बसलेल्या ऐकणाऱ्याचे लक्ष एक क्षणही ढळू द्यायचे नाही ही जी सवय त्या खोलीत लागली, ती पुढच्या अर्धशतकात सुटली नाही.

पुढची पाच-सहा वर्षे मला त्यांच्या आयुष्यातील सर्वांत निर्णायक वाटतात. १९२० च्या नाताळात त्यांची ओळख रोनाल्ड रूझिए या खाण-अभियांत्रिकी शिकणाऱ्या तरुणाशी झाली होती. १९२५ च्या वसंतात त्यांचे लग्न ठरले आणि त्याच वर्षी जूनमध्ये वडील हृदयविकाराने अचानक गेले. मागे निवृत्तिवेतन काहीच नव्हते आणि दोन्ही भाऊ अजून कमावते झालेले नव्हते. बावीस वर्षांच्या मुलीच्या लेखणीवर आता घर अवलंबून होते. ऑगस्टमध्ये लग्न झाले, आणि काही काळाने रोनाल्ड नोकरीनिमित्त पूर्व आफ्रिकेतील टांगानिका येथे गेले. १९२७ मध्ये जॉर्जेटही तेथे पोचल्या आणि रानातल्या गवताने शाकारलेल्या झोपडीत राहू लागल्या. ‘द मास्करेडर्स’ ही अठराव्या शतकातील लंडनच्या दिवाणखान्यांत घडणारी कादंबरी त्यांनी तेथे, संदर्भासाठी ग्रंथालय तर सोडाच पण पुस्तकांचे दुकानही आसपास नसताना लिहिली, आणि तरीही तिच्यात ऐतिहासिक चुका फारशा नाहीत. पुढचा मुक्काम मॅसिडोनियात होता. तेथे दंतवैद्याने चुकीच्या पद्धतीने भूल दिल्यामुळे त्या मरता मरता वाचल्या. १९२९ मध्ये दोघे इंग्लंडला परतले ते कायमचे.

या सगळ्याच्या मध्यावर, १९२६ मध्ये, ‘दीज ओल्ड शेड्स’ प्रसिद्ध झाली. तो काळ ब्रिटनमधील सार्वत्रिक संपाचा होता. वर्तमानपत्रे जवळजवळ बंद होती, त्यामुळे ना परीक्षण छापून आले, ना जाहिरात. तरीही पुस्तकाच्या १,९०,००० प्रती खपल्या. एका तरुण लेखिकेने यातून काढलेला निष्कर्ष सरळ होता : पुस्तक विकण्यासाठी लेखकाने स्वतःला विकायला नेण्याची गरज नाही. त्यानंतर त्यांनी मुलाखती दिल्या नाहीत आणि आपले खासगी आयुष्य हा वाचकांचा विषय नाही ही भूमिका शेवटपर्यंत सोडली नाही. सार्वजनिक जगाला त्या जॉर्जेट हेअर होत्या आणि घरात व शेजारात मिसेस रूझिए. त्यांच्या असंख्य वाचकांना हे दुसरे नाव पहिल्यांदा कळले ते मृत्युलेखांतून.

परतल्यानंतर रोनाल्ड यांनी खाणकाम सोडले, काही काळ खेळाच्या साहित्याचे दुकान चालवले आणि मग वकिलीचा अभ्यास सुरू केला. १९३९ मध्ये ते बॅरिस्टर झाले. १९३२ मध्ये मुलगा रिचर्ड जन्मला, जो पुढे उच्च न्यायालयाचा न्यायाधीश झाला. या सर्व वर्षांत घरखर्चाचा मोठा भाग लेखणीतून येत होता, म्हणून दर वर्षी साधारणपणे एक ऐतिहासिक कादंबरी आणि एक रहस्यकथा असा क्रम त्यांनी बरीच वर्षे पाळला. रहस्यकथांची रचना गमतीची होती : खून कसा होतो, पुरावा कोठे राहतो हे बहुधा रोनाल्ड ठरवत आणि माणसे व संवाद जॉर्जेट उभे करत. या बारा रहस्यकथा वाईट नाहीत, पण त्यांत जिवंत असतात त्या कुटुंबातल्या कुरबुरी. खुनाचा उलगडा त्यांच्यापुढे फिका पडतो. समकालीन जीवनावर त्यांनी लिहिलेल्या चार कादंबऱ्यांबद्दल फार बोलण्याचे कारण नाही, कारण पुढे त्यांनी स्वतःच त्यांचे पुनर्मुद्रण होऊ दिले नाही.

१९३५ मध्ये आलेल्या ‘रीजन्सी बक’ या कादंबरीपासून त्यांना स्वतःचा प्रदेश सापडला. राजा तिसरा जॉर्ज मानसिक आजारामुळे राज्यकारभारास असमर्थ ठरला आणि १८११ ते १८२० या काळात युवराजाने राजप्रतिनिधी म्हणून कारभार पाहिला. त्या नऊ-दहा वर्षांना इंग्रजीत रीजन्सी म्हणतात. एकीकडे नेपोलियनशी युद्ध, दुसरीकडे लंडनच्या उच्चभ्रू वर्गाचे नाचसमारंभ, जुगाराचे अड्डे, घोडागाड्यांच्या शर्यती आणि मानापमानाचे सूक्ष्म नियम, असा तो विरोधाभासांनी भरलेला काळ होता. जेन ऑस्टिन याच काळात लिहीत होत्या, आणि हेअर यांच्यावर त्यांचा प्रभाव उघड आहे. पण या दोघींच्या कामात एक मूलभूत फरक आहे, जो अनेकदा नजरेतून निसटतो. ऑस्टिन स्वतःच्या काळाबद्दल स्वतःच्या काळातील वाचकांसाठी लिहीत होत्या, त्यामुळे गाडीचा प्रकार सांगितला की मालकाची ऐपत वाचकाला आपोआप कळत असे. हेअर यांना ते सगळे जग सव्वाशे वर्षांनंतरच्या वाचकासाठी नव्याने उभे करायचे होते, आणि तेही माहिती देतो आहोत असे वाटू न देता. आज ‘रीजन्सी रोमान्स’ नावाने जो स्वतंत्र साहित्यप्रकार ओळखला जातो, तो या गरजेतून जन्माला आला आणि त्याची चौकट जवळजवळ एकट्या हेअर यांनी घडवली.

ही चौकट उभारण्यासाठी त्यांनी जी तयारी केली, ती ऐतिहासिक लेखन करू इच्छिणाऱ्या प्रत्येकाने समजून घ्यावी. मृत्यूसमयी त्यांच्या संग्रहात एक हजाराहून अधिक संदर्भग्रंथ होते. त्याखेरीज टिपणांच्या वह्या आणि चिठ्ठ्या होत्या, विषयवार लावलेल्या : पोशाख, टोप्या, गाड्या, दुकाने, घरखर्च, वस्तूंचे भाव, बोलीतील शब्द. अमुक वर्षी मेणबत्त्या काय भावाने मिळत हेसुद्धा त्यांत नोंदलेले असे. एखाद्याला हा छंदाचा अतिरेक वाटेल. पण गवताच्या झोपडीत बसून घराचा जमाखर्च सांभाळणाऱ्या स्त्रीला पात्रांच्या जमाखर्चाबद्दल कुतूहल असावे यात मला नवल वाटत नाही. त्यांच्या नायिकेला आपल्या हातात किती पैसे आहेत, वर्षाकाठी किती येणार आहेत आणि ते कोणाच्या सहीने मिळणार आहेत हे बहुधा नेमके ठाऊक असते.

आणि हा तपशील शोभेसाठी नसतो, हे दाखवण्यासाठी एक कायदा पुरेसा आहे. १७५३ च्या विवाह कायद्यानुसार, जो पुढच्या वर्षी अमलात आला, इंग्लंडमध्ये एकवीस वर्षांखालील व्यक्तीला परवान्याने लग्न करायचे तर पालकांची संमती आवश्यक झाली. स्कॉटलंडला मात्र तो कायदा लागू नव्हता. म्हणून सीमेपलीकडचे ग्रेटना ग्रीन हे गाव पळून जाणाऱ्या जोडप्यांचे ठिकाण बनले. ही माहिती हाताशी असलेला सामान्य कादंबरीकार एक जोडपे पळवून नेईल आणि थांबेल. हेअर त्यापुढचे प्रश्न विचारतात. लंडनहून सीमेपर्यंत किती मैल आहेत? घोडे किती टप्प्यांवर बदलावे लागतील, त्याचे भाडे कोणाच्या खिशात आहे? वाटेत रात्र पडली तर मुलीच्या अब्रूचे काय होईल, आणि पाठलाग करणाऱ्याकडे हलकी गाडी असेल तर तो कोठल्या खानावळीत गाठेल? या प्रश्नांची उत्तरे मांडता मांडता प्रसंग आपोआप घडतो. कोणालाही ओढूनताणून योगायोग आणावा लागत नाही. आल्मॅक्स या लंडनमधील प्रतिष्ठित नृत्यगृहाचेही तसेच. तेथे पैसे देऊन प्रवेश मिळत नसे, काही मोजक्या उमरावपत्नींच्या मंडळाने मान्यता दिली तरच मिळे, आणि रात्री अकरानंतर दार कोणासाठीही उघडत नसे. एवढ्या नियमांवर हेअर एखाद्या मुलीचे सबंध भवितव्य टांगून ठेवू शकतात, कारण त्या समाजात ते खरोखरच त्यावर टांगलेले होते.

भाषेच्या बाबतीतही हीच शिस्त आहे. रीजन्सी काळातील सरदारपुत्र मुष्टियोद्धे, सारथी आणि जुगारी यांच्या संगतीत जी बोली उचलत, ती हेअर यांनी पिअर्स ईगन यांच्यासारख्या तत्कालीन लेखकांच्या पुस्तकांतून वेचली. पण ती वाटताना त्यांनी विलक्षण संयम पाळला. ही बोली कोण, कोणासमोर, किती बोलेल हे ठरलेले आहे. धाकटा भाऊ मित्रांत मोकळेपणाने बोलतो, बहिणीसमोर जीभ चावतो, आईसमोर तर गप्पच होतो. म्हणून शब्द ओळखीचे नसले तरी वाचक अडत नाही. शब्दाच्या आधी नाते कळते. १९५० मध्ये एका वाचकाने त्यांना कळवले की दुसऱ्या एका लोकप्रिय लेखिकेने त्यांची पात्रनामे, स्वभाव आणि प्रसंग उचलले आहेत. हेअर यांनी ती पुस्तके घेऊन साम्याची तपशीलवार यादी केली आणि वकिलाकडे सोपवली; प्रकरण न्यायालयापर्यंत गेले नाही. लक्षात राहते ते हे की उसनवारीइतकाच, किंबहुना त्याहून अधिक, त्यांचा संताप जुन्या शब्दांच्या चुकीच्या वापराबद्दल आणि काळाविषयीच्या अज्ञानाबद्दल होता.

येथे अनुवादक म्हणून एक गोष्ट सांगण्याचा मोह आवरत नाही. इंग्रजीत ‘यू’ एकच आहे. मराठीत ‘आपण’, ‘तुम्ही’ आणि ‘तू’ अशा तीन पायऱ्या आहेत. सरावासाठी मी हेअर यांच्या काही प्रसंगांचे मराठीकरण करून पाहिले तेव्हा पानोपानी प्रश्न पडे की नायक-नायिका नेमके कोठे ‘आपण’वरून ‘तुम्ही’वर येतात आणि कोठे ‘तू’वर. आधी मला वाटले होते की हा निर्णय अंदाजाने घ्यावा लागेल. प्रत्यक्षात मूळ पाठ सर्व खुणा देतो, फक्त त्या संबोधनांत दडलेल्या असतात : नायिका आधी पूर्ण पदवीने हाक मारते, मग नुसत्या ‘सर’ने, मग थट्टेत वापरलेल्या अतिऔपचारिक पदवीने, आणि एखाद्या संकटाच्या घाईत नकळत तिच्या तोंडून पहिले नाव निघून जाते. त्या एका नावाला जे वजन असते ते इतर कादंबऱ्यांतील चुंबनालाही नसते. हेअर यांच्या कादंबऱ्यांत शरीरसंबंधांचे वर्णन नाही. चुंबन आलेच तर शेवटच्या पानांवर येते. तरीही त्या कोरड्या वाटत नाहीत, कारण दोन माणसे एकमेकांच्या किती जवळ आली आहेत हे संबोधनाच्या प्रत्येक बदलातून मोजता येते.

प्रत्यक्ष इतिहासाशी त्यांनी सर्वांत कसोशीने दिलेली झुंज म्हणजे १९३७ ची ‘अ‍ॅन इन्फमस आर्मी’. ब्रुसेल्स शहर, १८१५ चा जून, रिचमंडच्या डचेसने १५ तारखेला दिलेला नाचसमारंभ, तेथून थेट रणांगणाकडे निघालेले अधिकारी, आणि नेपोलियनचा निर्णायक पराभव करणारी १८ तारखेची वॉटर्लूची लढाई. ब्रिटिश सेनापती ड्यूक ऑफ वेलिंग्टन यांच्या तोंडी त्यांनी जे शब्द घातले ते शक्य तेवढे त्यांच्या पत्रांतून आणि नोंदींतून घेतले होते. त्यांच्या बोलण्याची ढब कळावी म्हणून त्यांनी वेलिंग्टन यांच्या हातचे एक पत्र विकत घेतले होते. लढाईचे वर्णन इतके नेमके उतरले की सँडहर्स्टच्या लष्करी अकादमीत त्या लढाईच्या अभ्यासासाठी ही कादंबरी सुचवली जाऊ लागली. तिची प्रेमकथा मला तितकी बळकट वाटत नाही. बार्बरा ही हट्टी, बदनाम, विधवा नायिका विलक्षण आहे, पण युद्ध सुरू झाले की लेखिकेचे सगळे मन तोफांच्या धुरात जाते आणि नायक चार्ल्स ऑडली एक हात गमावून परत येईपर्यंत दोघांची गोष्ट थांबून राहते. १९४० ची ‘द स्पॅनिश ब्राइड’ ही हॅरी स्मिथ हा खराखुरा इंग्रज अधिकारी आणि त्याची अल्पवयीन स्पॅनिश पत्नी हुआना यांच्यावरची असून तिच्यातही मोहिमेचा तपशील प्रेमावर मात करतो.

माझ्या मते त्यांचे खरे कर्तृत्व १९५० नंतरच्या काही कादंबऱ्यांत आहे. १९५३ ची ‘कोटिलियन’ घ्या. किटी ही अनाथ मुलगी एका कंजूष वृद्धाच्या घरी वाढलेली आहे. आपल्या भावांच्या नातवंडांपैकी कोणाशी तरी तिने लग्न केले तरच संपत्ती तिला मिळेल अशी त्याची अट असते. तिचे मन जॅक या देखण्या, उद्दाम तरुणावर आहे. त्याला मत्सर वाटावा आणि लंडन पाहायला मिळावे म्हणून ती त्या नातवंडांपैकीच एक असलेल्या फ्रेडी या भोळसट तरुणाला खोट्या साखरपुड्यासाठी तयार करते. या प्रकारच्या कथेची सवय असलेला वाचक पहिल्या पन्नास पानांत ठरवून टाकतो की जॅक हाच नायक. हेअर यांनी तीस वर्षे असेच नायक रंगवले होते, त्यामुळे वाचकाचा तसा ग्रह होणे साहजिक आहे. मग एकेक प्रसंग येतो आणि दिसते की ज्याला कपड्यांपलीकडे काही कळत नाही असे सगळे समजतात, त्या फ्रेडीला समाजाचे नियम इतके पक्के ठाऊक आहेत की अडचणीत सापडलेल्या प्रत्येकाला तोच सोडवू शकतो. तो तिला लंडनची प्रेक्षणीय स्थळे दाखवतो, डोकी नसलेल्या ग्रीक मूर्ती पाहून मनापासून बुचकळ्यात पडतो, आणि तरीही तिच्यासाठी तेथे उभा राहतो. जॅकचा देखणेपणा मात्र हळूहळू स्वार्थीपणा म्हणून उघडा पडतो. स्वतः घडवलेला साचा स्वतःच मोडण्याचे असे धैर्य लोकप्रिय लेखकांत दुर्मीळ असते, आणि येथे ते कोणताही गाजावाजा न करता दाखवलेले आहे.

१९६१ ची ‘अ सिव्हिल कॉन्ट्रॅक्ट’ हे मी त्यांचे सर्वश्रेष्ठ पुस्तक मानते, जरी केवळ स्वप्नरंजनासाठी येणाऱ्या वाचकाची त्यात निराशा होते. अ‍ॅडम हा लष्करी अधिकारी वडिलांच्या मृत्यूनंतर घरी येतो तेव्हा वारशात पदवी, एक जुना वाडा आणि डोंगराएवढे कर्ज मिळते. ज्युलिया या सुंदर मुलीवर त्याचे प्रेम आहे, पण तिच्याशी लग्न करण्याची ऐपत उरलेली नाही. वाडा आणि बहिणींचे भवितव्य वाचवण्यासाठी तो चॉली नावाच्या गडगंज व्यापाऱ्याच्या जेनी या मुलीशी लग्न करतो. जेनी दिसायला साधी, ठेंगणी, स्थूल, आणि अ‍ॅडमवर तिचे आधीपासून मूक प्रेम आहे. पुढे काय होईल याची आपण कल्पना करतो : जेनीचे रूप उजळेल, किंवा अ‍ॅडमला साक्षात्कार होईल. तसे काहीच होत नाही. जेनी त्याला कसली कॉफी आवडते, कोणत्या वेळी एकटे राहू द्यावे, त्याच्या शेतीच्या योजनांबद्दल काय विचारावे हे शिकत जाते आणि तो हळूहळू तिच्याशिवायच्या घराची कल्पना करू शकत नाही. वॉटर्लूच्या बातमीपूर्वी लंडनमध्ये पराभवाच्या अफवा पसरतात, सरकारी रोख्यांचे भाव कोसळतात आणि ते विकून टाकण्याचा सल्ला सासरे देतात. वेलिंग्टनवर सैनिकाचा विश्वास असलेला अ‍ॅडम मात्र कर्ज काढून रोखे विकत घेतो आणि त्या नफ्याने सासऱ्याच्या पैशातून मोकळा होतो. येथे पैसा, युद्ध आणि विवाह या तीन सुतांची एकच दोरी होते. शेवटी अ‍ॅडम जेनीला प्रेमाचे जे शब्द सांगतो त्यांत उत्कटता नाही, आणि जेनीलाही ते ठाऊक आहे. ज्युलियाबद्दल वाटले तसे आपल्याबद्दल कधीच वाटणार नाही हे समजून ती ते शब्द घेते आणि संसाराला लागते. प्रेमकादंबरीच्या लेखिकेने लिहिलेले हे पान वाचून मी प्रत्येक वेळी थोडा वेळ पुस्तक मिटून ठेवते.

स्वतःच्या लेखनाबद्दल हेअर खासगी पत्रांत कठोर बोलत. युद्धकाळात, १९४४ मध्ये आलेल्या ‘फ्रायडेज चाइल्ड’बद्दल त्यांनी असा वेडगळपणा लिहिल्याबद्दल आपल्याला गोळी घालायला हवी असे म्हटले, आणि त्याच दमात हेही म्हटले की हवाई हल्ल्यापासून बचावाच्या तळघरात बसले असताना किंवा तापातून उठताना आपल्यालाच ती वाचायला आवडली असती. पुढे रुमेनियातील एका स्त्रीचे त्यांना पत्र आले. बारा वर्षांच्या राजकीय कैदेत तिने हीच कादंबरी आठवून आठवून सोबतच्या कैदी स्त्रियांना सांगितली होती आणि त्या आधारावर त्यांनी मन शाबूत ठेवले होते. चाहत्यांची पत्रे जपून ठेवण्याची सवय नसलेल्या हेअर यांनी ते एक पत्र जपून ठेवले. आजारी भावाला सांगितलेल्या गोष्टीपासून सुरू झालेल्या लेखिकेला या पत्राचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागला नसणार.

त्यांना स्वतःला ज्याचा अभिमान वाटायचा होता ते काम वेगळेच होते. मध्ययुगीन इंग्लंड हा त्यांचा आवडता काळ, आणि इंग्लंडच्या लँकेस्टर राजघराण्यावर, विशेषतः पाचव्या हेन्रीचा भाऊ जॉन, ड्यूक ऑफ बेडफर्ड याच्यावर, तीन खंडांची कादंबरी लिहायची त्यांची इच्छा होती. पण युद्धोत्तर ब्रिटनमधील प्राप्तिकर भारी होता आणि कर भरायला पैसे हवे असत. वाचक आणि प्रकाशक मागत रीजन्सी. म्हणून दर वेळी मध्ययुग बाजूला ठेवून आणखी एक नाचसमारंभ लिहिला जाई. करांच्या सोयीसाठी काढलेली कंपनी आणि तिच्याकडील सतरा पुस्तकांचे हक्क त्यांनी १९६६ मध्ये बुकर-मॅककॉनेल या कंपनीला सुमारे ८५,००० पौंडांना विकले, तेव्हा कोठे हा ताण सैल झाला. तोपर्यंत प्रकृती ढासळत चालली होती. त्या वर्षानुवर्षे दिवसाला साठ ते ऐंशी सिगारेटी ओढत. ४ जुलै १९७४ रोजी फुप्फुसाच्या कर्करोगाने त्यांचे निधन झाले. त्या वेळी पहिल्या ‘द ब्लॅक मॉथ’सह त्यांची ४८ पुस्तके छपाईत होती.

त्यांचे दोषही सांगितले पाहिजेत, कारण ते लपवले तर नवा वाचक मध्येच दचकेल. ‘द ग्रँड सोफी’ ही १९५० ची कादंबरी तिच्या नायिकेच्या धडाडीमुळे फार लोकप्रिय आहे, पण तिच्यातील ज्यू सावकाराचे चित्रण द्वेषमूलक साच्यातले आहे. दुसऱ्या महायुद्धातील संहारानंतर पाच वर्षांनी एका सुजाण लेखिकेने ते लिहावे याचे समर्थन ‘तो काळच तसा होता’ असे म्हणून करता येत नाही. जन्मजात कुलीनता ही खरी गोष्ट आहे असा त्यांचा विश्वास होता, आणि तो कथानकांत उतरतो : ‘दीज ओल्ड शेड्स’मध्ये गटारातून उचललेले पोर सरदाराचे रक्त असल्यामुळेच झळकते. त्याच कादंबरीत नायक चाळिशीचा आणि नायिका एकोणीस वर्षांची आहे, हेही आजच्या वाचकाला बोचेल. रीजन्सी काळातील कारखान्यांची धग, यंत्रे फोडणारे कामगार, १८१९ मध्ये पीटरलू येथे निःशस्त्र सभेवर घातलेले घोडदळ हे त्यांच्या जगात जवळजवळ येतच नाही. ‘अ‍ॅराबेला’त धुराडी साफ करणारे एक लहान पोर नायिकेच्या शयनगृहात उतरते आणि काही पाने त्या समाजाचा तळ दिसतो, अशा जागा थोड्या आहेत, आणि त्या चांगल्या उतरल्यामुळे बाकीचे मौन अधिक जाणवते. समीक्षकांनी त्यांच्याकडे बराच काळ पाठ फिरवली त्याचे कारण मात्र हे दोष नव्हते. प्रेमकथा लिहिणारी आणि खपणारी स्त्री गंभीरपणे घेण्यासारखी असते हेच त्यांना पटत नव्हते. १९६९ मध्ये कादंबरीकार आणि समीक्षक ए. एस. बायट यांनी हेअर आपण समजतो त्यापेक्षा चांगल्या कादंबरीकार आहेत असे जाहीरपणे लिहिले, तेव्हा ते वाचकांना नवे नव्हते, समीक्षेला होते.

आता सुरुवात कोठून करावी याविषयी. लेखनक्रमाने वाचू नका. सुरुवातीची पुस्तके भडक आहेत आणि त्यांवरून पुढच्या लेखिकेचा अंदाज येत नाही. पहिले पुस्तक म्हणून मी १९६५ ची ‘फ्रेडरिका’ सुचवते. आईबापांविना भावंडांचा सांभाळ करणारी चोवीस वर्षांची मुलगी आणि कशातच रस न उरलेला एक उमराव यांची ती गोष्ट आहे, आणि त्यात धाकट्या भावंडांच्या उपद्व्यापांतून त्या माणसाचा स्वार्थीपणा ज्या क्रमाने विरघळतो तो क्रम पाहण्यासारखा आहे. त्यानंतर ‘व्हेनिशिया’ घ्यावी. त्यांच्या संवादांत इतकी बरोबरीची मैत्री दुसरीकडे क्वचितच आढळते. मग ‘कोटिलियन’, पण त्याआधी त्यांच्या उद्दाम नायकाची एखादी कादंबरी, उदाहरणार्थ १९३२ ची ‘डेव्हिल्स कब’, वाचून ठेवावी, नाहीतर मोडलेला साचा कोणता हे कळणार नाही. ‘अ सिव्हिल कॉन्ट्रॅक्ट’ पाचव्या-सहाव्या क्रमांकावर यावी, आणि तीही घाईच्या दिवसांत नको. ‘डेव्हिल्स कब’मधील जोडप्याची नातवंडे ‘अ‍ॅन इन्फमस आर्मी’त आहेत, म्हणून ती त्यानंतर वाचली तर घराण्याचा धागा हाती लागतो. ड्यूक ऑफ बेडफर्ड जॉनवरची, अपूर्ण राहिलेली ‘माय लॉर्ड जॉन’ १९७५ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर, प्रसिद्ध झाली. तिच्यात संवाद कमी आहेत, नोंदींचा भार जास्त आहे, आणि रीजन्सीतली ती खेळकर चाल तर जवळपास नाहीच. तरी इतर दहा-बारा पुस्तके झाल्यावर ती जरूर उघडावी, कारण कराची बिले आड आली नसती तर ज्या टेबलाशी त्यांना बसायचे होते त्यावरचे कागद तिच्यात आहेत.